कर्ताझ : परवाना की खंडणी?

पोर्तुगीज यायच्या आधी एडन, होर्मुझ, चौल, दाभोळ, मलाक्का या बंदरांतून अरब, इराणी आणि गुजराती व्यापाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या ये-जा होती. जकात बंदरात भरायची. भर समुद्रात जहाज अडवून कागद मागायची रीत नव्हती. १५०९ मध्ये दीवजवळ इजिप्तचे मामलुक सुलतान आणि गुजरात यांचे आरमार पोर्तुगीजांकडून हरले, पुढच्या सहा वर्षांत गोवा, मलाक्का, होर्मुझ त्यांच्या ताब्यात गेले, आणि कागदाची सक्ती आवळत गेली.

त्या कागदाचे नाव कर्ताझ. शब्द बहुधा अरबी 'किर्तास'वरून आलेला, अर्थ साधा 'कागद'. त्यावर जहाजाचे नाव, नाखुदा म्हणजे कप्तान, शस्त्रे, कुठून कुठे जायचे, सगळे लिहिलेले. आपल्या पुस्तकांत त्याला सर्रास 'परवाना' म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. परवाना देणाऱ्याचा आधी हक्क असावा लागतो. कागदाची फी किरकोळच असे, खरी वसुली अटींत होती. पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरा, मिरी नेऊ नका, तुर्कांना जहाजावर घेऊ नका. कागद नसला की जहाज मालासकट जप्त. म्हणजे ज्याच्यापासून धोका त्यालाच संरक्षणाचे पैसे द्यायचे. याला मराठीत खंडणी म्हणतात.

सुन्नी मुघलांना ही अडचण हजच्या वाटेवर सर्वात जास्त जाचली. १५७३ मध्ये सुरत हाती आली, पण समुद्रावर सत्ता नव्हती. खुष्कीची वाट शिया इराणमधून जाणार, आणि समुद्राने जायचे तर मरियम व येशूची चित्रे असलेला कागद जवळ बाळगायचा. अशा स्थितीत हज बंधनकारक राहतच नाही, असे दरबारातल्या काही उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, सांगितले. तरी १५७६ मध्ये राजघराण्यातल्या स्त्रिया सुरतेहून निघाल्या, त्या हाच कागद घेऊन. श्रद्धेच्या माणसाला तो हातात धरताना काय वाटले असेल!

कागद असूनही सुटका नव्हतीच. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे 'रहीमी' जहाज कर्ताझ असताना सुरतेजवळ पकडले गेले. बादशहाने पोर्तुगीजांचा व्यापार बंद केला, दमणला वेढा पडला, आणि इंग्रजांना सुरतेत पाय रोवायला जागा मिळाली.

कोकणात विजापूर आणि अहमदनगरने १५७०-७१ मध्ये गोवा व चौलला वेढे घालून पाहिले, ठाणी हलली नाहीत. मराठ्यांनीही आधी कर्ताझ घेतले. पुढे मराठ्यांचे आरमारप्रमुख, कुलाब्याचे आंग्रे, स्वतःचे दस्तक, म्हणजे तसेच कागद, देऊ लागले आणि ते नसलेली जहाजे धरू लागले. युरोपीय कागदपत्रांत मात्र त्याची नोंद चाचेगिरी म्हणून झाली.