मीटलोफ आतून गुलाबी म्हणजे कच्चाच?

मीटलोफ म्हणजे पावाच्या आकारात शिजवलेला खिम्याचा लांबट गोळा, आणि स्लो कुकर म्हणजे मंद तापणारं विजेचं भांडं. "स्लो कुकरमधला मीटलोफ कापल्यावर आतून गुलाबी दिसला तर कच्चा, तपकिरी दिसला तर शिजला," हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. पटतोही, कारण मटण-चिकन आपण नजरेनं आणि बोटानं दाबूनच पारखत आलो. खिम्याच्या बाबतीत मात्र रंग दोन्ही बाजूंनी फसवतो.

मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो. उष्णतेनं ते तपकिरी होतं, पण नेमकं कोणत्या तापमानाला, हे मांसाची आम्लता आणि हवेशी आलेला संपर्क यांवर ठरतं. हवा लागून आधीच काळपटलेला खिमा पुरेसा तापण्याआधीच शिजल्यासारखा दिसू शकतो. खरा धोका इथे आहे. उलट, लोफमधल्या सेलरीसारख्या भाज्यांतल्या नायट्रेट-नायट्राइट या क्षारांमुळे नीट शिजलेला भागही गुलाबी राहू शकतो.

खिम्यालाच एवढी काळजी का? अखंड तुकड्यावर जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात. दळताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून मधोमध तापमान गाठायलाच हवं: बीफ, पोर्क किंवा मटणाच्या खिम्याला ७१ अंश सेल्सिअस, चिकन-टर्कीला ७४.

स्वयंपाकाचा थर्मामीटर सर्वांत जाड भागात मध्यापर्यंत खुपसा. टोक भांड्याला टेकलं तर आकडा चुकेल. कमी भरलं तर झाकण लावून आणखी शिजवा. आणि गोठलेला खिमा थेट स्लो कुकरमध्ये नको, आधी फ्रिजमध्ये वितळवा. हळू तापणाऱ्या भांड्यात तो जंतूंना सोयीच्या तापमानात फार वेळ राहतो.