साठी बुद्धी नाठी? मुळीच नाही

"आता या वयात काय शिकायचं?" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं, आणि पाठोपाठ म्हण येते: साठी बुद्धी नाठी. ही म्हण सरसकट खरी नाही.

वय वाढतं तसा मेंदूचा वेग कमी होतो, हे खरं. नाव पटकन आठवत नाही, मोबाइलमधलं नवं ॲप हाताला बसायला वेळ लागतो. पण वेग म्हणजे बुद्धी नव्हे. शब्दसंग्रह साठीनंतरही वाढू शकतो. सरावाने नवं कौशल्यही येतं, फक्त उजळणी जास्त लागते.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साडी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. अंगठा उठवणाऱ्या आज्या तिथे सही करायला शिकल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढलं ते १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. जातिभेद मिटवण्यासाठी समता संघ काढला तो १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी! मला तर हे दुसरं साल पहिल्यापेक्षा मोठं वाटतं.

मात्र रोजच्या ओळखीचा रस्ता चुकणं, पैशांचे साधे हिशोब न जमणं, याला "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. तो आजार असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. आणि आजीने स्वतःहून मोबाइल मागितला, तर तिच्या हातून काढून घेऊन "दे, मी करतो" म्हणू नका. तिचं तिला करू द्या, दहादा चुकलं तरी.