झिंगलेल्याला धरणारे हात

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये लोक बघतात तो समुद्रदेव पोसायडनचा छोटा कांस्य पुतळा. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर रोमन बनावटीच्या वस्तू सापडल्या, त्यातलाच तो. त्याच ढिगात एक कांस्याची सुरईही निघाली होती, पण तिच्यापुढे फारसं कुणी थांबत नाही. अशा सुरईतून रोमन लोक वाइन ओतायचे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वहीत भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाइन आहे, आणि त्यातही इटलीच्या वाइनला मागणी जास्त, अशी नोंद आहे. म्हणजे पंचगंगेकाठच्या कुणा धनवंताच्या घरी दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी भांडं होतं. त्यातून तो काय ओतायचा हे ज्याचं त्याने ठरवावं.

दारू आणि कला यांचा इतिहास सांगताना बहुतेक जण पिणाऱ्याकडे बघतात. माझ्या मते बघायचं ते त्याच्या शेजारी. झिंगलेल्याला धरायला कोण उभं आहे, आणि कुणी उभं आहे का, यावरून त्या काळाने दारूला काय मानलं ते जास्त नीट कळतं.

देवांना धरावं लागत नाही. अंबाबाईच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. सप्तशतीतली देवी महिषासुराला बजावते की मूर्खा, मी मधुपान करतेय तोवर घे गरजून. पिऊन झाल्यावर ती त्याला मारते, तोल जाण्याचा प्रश्नच येत नाही. माणसांचं तसं नाही. मथुरेजवळ महोली इथे सापडलेलं कुषाणकाळातलं एक शिल्प दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात मद्य चढलेली एक स्त्री गुडघ्यांवर आली आहे आणि बाजूच्यांनी तिला सावरून धरलंय. शिल्पकाराला तिची कीव आलेली नाही, रागही आलेला नाही. पाय लटपटले की अंगाचा डौल कसा बदलतो, एवढ्यातच त्याला रस आहे.

ग्रीकांकडे हे आणखी उघडं आहे. जर्मनीत व्युर्ट्सबर्गच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुरुवातीची एक पसरट वाइनची वाटी आहे. ती रंगवणाऱ्याला अभ्यासक ‘ब्रिगोस चित्रकार’ म्हणतात. वाटीच्या आतल्या तळाला एक तरुण ओकतोय आणि एक मुलगी त्याचं डोकं धरून उभी आहे. वाइन भरलेली असताना हे चित्र दिसत नाही. पिणारा तळाला पोचला की त्याच्या नजरेसमोर थेट हेच. असला विनोद आपल्याकडच्या बैठकीत कुणी केला असता तर यजमानाला पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

आपल्याकडचा विनोद नाटकात होता. सातव्या शतकात कांचीच्या पल्लव राजा महेंद्रवर्म्याने ‘मत्तविलास’ नावाचं प्रहसन लिहिलं. त्यातला कापालिक, म्हणजे मद्यपान हाच ज्याच्या व्रताचा भाग असा शैव साधू, सत्यसोम नशेत बायकोला, देवसोमेला, ‘सोमदेवा’ म्हणून हाक मारतो. ही दुसरी कोण, म्हणून ती भडकते. तो घाबरून आजपासून दारू सोडतो म्हणतो, तर तीच विनवते की माझ्यापायी तुमचं तप मोडू नका! इथे दोघंही पीत असल्याने कोण कुणाला धरणार? राजाने लिहिलेलं असल्यामुळे असेल, पण दारूपेक्षा ढोंगावरच त्याचा रोख जास्त आहे.

जहांगीर बादशहापाशी गोष्ट गंभीर होते. त्याने हातात प्याला घेतलेली स्वतःची छबी सोन्याच्या मोहरांवर पाडून घेतली. आत्मचरित्रात मात्र तो सांगतो की एके काळी आपण दिवसाला वीस प्याले कडक दारू पीत होतो आणि हात इतके कापायचे की दुसऱ्याने पाजावं लागे. याच माणसाने १६१८ साली दरबारातल्या इनायत खानाचं चित्र काढून घेतलं. अफू आणि दारूने खंगलेला हा सरदार पालखीतून दरबारात आणला गेला तेव्हा नुसती हाडं आणि कातडी उरली होती. बादशहाने चितारी बोलावले. दुसऱ्या दिवशी खान गेला. ते रेखाचित्र आज बोस्टनला आहे, रंगीत चित्र ऑक्सफर्डला. उघड्या छातीच्या बरगड्या मोजता येतात. त्याला कुणीही धरलेलं नाही, फक्त मोठमोठ्या लोडांचा आधार आहे. व्यसनाचं इतकं कोरडं, निर्दय आणि खरं चित्र त्याआधी कुठे झालं असेल असं मला वाटत नाही. काढवून घेणारा स्वतः त्याच वाटेवरचा होता, हे विसरून ते बघता येत नाही.

युरोपात १७५१ साली इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने ‘जिन लेन’ हे चित्र छापलं तेव्हा धरणारा हात सुटला. जिन प्यालेली आई पायऱ्यांवर बसून तपकीर काढतेय आणि तिच्या मांडीवरचं मूल खाली पडतंय. चित्राची किंमत मुद्दाम कमी ठेवली होती, गरिबाच्या भिंतीवर लागावं म्हणून. जोडीचं ‘बिअर स्ट्रीट’ मात्र गुटगुटीत, हसऱ्या माणसांचं. इंग्रजांची बिअर ती चांगली, असा सगळा प्रकार. त्याच वर्षी जिनवर कायदा झाला. १८४९ मध्ये स्वीडिश डॉक्टर मॅग्नुस हुस याने दीर्घकालीन दारूबाजीला आजाराचं नाव दिलं. पॅरिसमध्ये चित्रकार देगाने १८७५-७६ च्या सुमारास अॅबसिंथ या कडक दारूच्या ग्लासासमोर बसलेली बाई रंगवली. शेजारी पुरुष आहे, पण तो दुसरीकडेच बघतोय.

महाराष्ट्रात हा विषय इंग्रजी अमलातल्या गुत्त्यांमुळे पेटला. १८८० मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला लिहिलं होतं. रंगभूमीवर १९१३ ला खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ आलं. त्यात कचाची राख मद्यातून पोटात गेलेले शुक्राचार्य शेवटी मद्यालाच शाप देतात. त्याच सुमारास शाहू महाराज कोल्हापुरात पॅलेस थिएटर बांधत होते. पुढे ते केशवराव भोसले नाट्यगृह झालं आणि ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं.

मग ‘एकच प्याला’. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. पदं वि. सी. गुर्जरांची, सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस, त्याची बायको सिंधू झाले बालगंधर्व. गडकऱ्यांनी सुधाकराला गुत्त्यातून उचललेलं नाही, तो हुशार वकील आहे. कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद सहा महिन्यांसाठी जाते आणि दारुडा तळीराम पहिला प्याला पुढे करतो. भरजरी शालूंसाठी लोक ज्यांना बघायला यायचे ते बालगंधर्व इथे ठिगळाच्या लुगड्यात दळण दळतात. पद्माकर भाऊ न्यायला येतो, पण ‘कशि या त्यजू पदाला’ म्हणत ती नवऱ्याला सोडत नाही. शेवटी मूल जातं, ती जाते, सुधाकर दारूत विष घालून पितो.

नाटकाने रडवलं तेवढंच हसवलंही, आणि इथेच त्याची गोची आहे. नाटकातल्या पिणाऱ्यांच्या टोळक्याचा, आर्य मदिरा मंडळाचा तळीराम प्रेक्षकांचा इतका लाडका झाला की दारूबंदीच्या व्यासपीठावरचे वक्ते सिंधूचे दाखले द्यायचे आणि घरी जाताना लोक तळीरामाची वाक्यं म्हणायचे. नक्कल दारुड्याचीच करतात, सिंधूची कोण करणार?

कोल्हापूरने त्यावर वेगळाच उतारा काढला. इथल्या हंस पिक्चर्सने १९३९ साली अत्र्यांच्या लेखणीतून ‘ब्रँडीची बाटली’ आणली, दिग्दर्शक मास्टर विनायक. दामुअण्णा मालवणकरांचा बगाराम हा भाबडा कारकून. आवडत्या मुलीच्या आजारी भावासाठी औषध म्हणून ब्रँडी हवी, आणि याला बाटली कुठे मिळते हेसुद्धा माहीत नाही! दारूवरच्या सिनेमात न पिणारा नायक, ही कल्पनाच मोठी आहे. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. कोल्हापूर तेव्हा वेगळं संस्थान, त्यामुळे मुंबईच्या कायद्याची गंमत इथल्या स्टुडिओत बसून निवांत करता आली. संस्थान विलीन झालं मार्च १९४९ मध्ये, आणि मुंबई दारूबंदी अधिनियमही १९४९ चाच. परवाना काढून प्यायची आपली पद्धत अजून त्याच कायद्याच्या आधाराने चालते.

नंतरच्या नाटकांत सिंधू उरली नाही. १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’मधली चंपा स्वतःच पिते, सखारामला अंगावर घेता यावं म्हणून. तेंडुलकरांच्या या नाटकावरून सेन्सॉर मंडळाशी कोर्टात भांडावं लागलं. बाईच्या हातातला ग्लास हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण तो ग्लास बऱ्याच जणांना झोंबला होता.

रंगभूमीबाहेर धरणाऱ्या हातांकडे बघण्याची नजर तोवर बदलू लागली होती. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आणि घरच्यांसाठीची अल-अनॉन ही वेगळी संघटना १९५१ मध्ये. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. अल-अनॉनच्या बैठकीत नव्याने आलेल्या बायकोला सांगतात की त्याची दारू तुमच्यामुळे लागली नाही, ती तुमच्या ताब्यात नाही आणि ती तुम्ही बरी करू शकणार नाही. सिंधूला हे सांगणारं पात्र गडकऱ्यांच्या नाटकात नाही. पद्माकर थोडा जवळ येतो, पण तोही बहिणीला फक्त माहेरी न्यायला आलेला असतो.