गूगल व्हॉइस, ओबीची डबी आणि तीनदा तुटलेली लाइन

अमेरिकेत मी पाहिलेल्या काही मराठी घरांत राउटरशेजारी ओबी नावाची एक काळी, तळहातावर मावेल एवढी डबी असायची. एका बाजूला इंटरनेटची वायर, दुसऱ्या बाजूला साधा कॉर्डलेस फोन. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना मोबाइलशी झटापट करायला लागू नये, रिसीव्हर उचलला की डायल टोन यावा, अमेरिकेत आणि कॅनडात कुठेही फुकट बोलता यावं, एवढ्यासाठी ती आणलेली. आणि मग एखाद्या सकाळी डायल टोन तर नेहमीसारखा येतो, पण नंबर फिरवला की एक बाई इंग्रजीत सांगते की हा कॉल पुरा करायला कुठलीही सेवा उपलब्ध नाही.

अशा वेळी घरातला माणूस आधी वायर काढून लावतो, मग राउटर बंद-चालू करतो, मग डबी रीसेट करतो. रीसेट केल्याने होती नव्हती ती सेटिंगही जाते. बिघाड घरात नसतोच मुळी. सेवा देणाऱ्याने, म्हणजे इथे गूगल व्हॉइसने, आपल्या बाजूची एक सोय काढून घेतलेली असते. हे कसं ओळखायचं, हे कळायला या फोनची घडण कशी झाली ते माहीत असावं लागतं.

सुरुवात २००५ मध्ये. क्रेग वॉकर आणि व्हिन्सेंट पाके यांनी ग्रँडसेंट्रल नावाची कंपनी काढली. कल्पना साधी होती: माणसाला एकच नंबर, आणि त्यावर फोन आला की घरचा, ऑफिसचा, मोबाइलचा असे सगळे फोन एकदम वाजतील. जुलै २००७ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि मार्च २००९ मध्ये ती गूगल व्हॉइस म्हणून समोर आली. हे नीट लक्षात ठेवायला हवं की गूगल व्हॉइस मुळात टेलिफोन नव्हताच. आलेला कॉल दुसरीकडे वळवून देणारी ती सेवा होती. स्वतःहून वाजेल असं उपकरण तिच्याकडे नव्हतं.

ती उणीव लोकांनी गिझ्मो५ जोडून भरून काढली. ही इंटरनेट फोनची एक छोटी सेवा होती आणि ती सिप बोलायची. सिप म्हणजे इंटरनेटवरून फोन लावायची, वाजवायची आणि ठेवायची ठरलेली भाषा. तिचं पहिलं प्रमाण १९९९ मध्ये आलं आणि आज चालतं त्याचा पाया २००२ मध्ये पक्का झाला. गूगल व्हॉइसने कॉल गिझ्मोकडे वळवायचा, गिझ्मोने तो सिपवरून घरच्या अडॅप्टरकडे, म्हणजे साधा फोन इंटरनेटला जोडणाऱ्या डबीकडे, पाठवायचा, आणि साधा फोन वाजायचा. नोव्हेंबर २००९ मध्ये गूगलने गिझ्मोही घेतलं. आता दोन्ही एकाच घरात आले म्हणून लोक खूश झाले, पण ३ एप्रिल २०११ ला गिझ्मो बंद झालं. लाइन पहिल्यांदा तुटली ती तेव्हा.

दरम्यान दुसरी वाट उघडली होती. ऑगस्ट २०१० मध्ये जीमेलच्या पानावरून थेट फोन लावता येऊ लागला. पहिल्या २४ तासांतच १० लाखांहून जास्त कॉल झाले, असं गूगलने तेव्हा सांगितलं. हे कॉल सिपवरून जात नव्हते. २००५ सालच्या गूगल टॉकची भाषा एक्सएमपीपी, म्हणजे मूळची जॅबर नावाची गप्पांची भाषा, आणि तिच्यावर आवाजासाठी बसवलेला जिंगल हा थर, यांवरून ते जायचे. ही भाषा खुली असल्यामुळे जाणकारांना आत शिरायला जागा मिळाली. ऑक्टोबर २०१० मध्ये अॅस्टरिस्क या मोफत टेलिफोन एक्सचेंज सॉफ्टवेअरच्या १.८ आवृत्तीत गूगल व्हॉइसची सोय आली. आणि कॅलिफोर्नियातल्या ओबीहाय या कंपनीने तीच गोष्ट एका डबीत बसवली: ओबी१००, ओबी११०, पुढे ओबी२०० आणि ओबी२०२. ज्या लोकांनी आधी सिपुरा ही अडॅप्टर करणारी कंपनी उभी करून सिस्कोला विकली होती, त्यांचंच हे पुढचं काम. अनुभव होता, आणि तो डबीत दिसायचा.

पण ही सगळी व्यवस्था उभी होती ती गूगलने हातात दिलेल्या परवानगीवर नाही, तर बंद न केलेल्या दारावर. जीमेलचं पान जे करतं तेच डबी करायची, आणि गूगलला ती जणू उघडं ठेवलेलं जीमेल वाटायची. म्हणून तर तिच्या जोडणीत दोन विचित्र पायऱ्या असायच्या. आधी जीमेलच्या पानावरून हाताने एक कॉल लावायचा, तेव्हा खातं जागं होणार. मग गूगल व्हॉइसच्या सेटिंगमध्ये कॉल वळवायच्या यादीत ‘गूगल चॅट’समोर खूण करायची. ही खूण राहिली किंवा कशाने उडाली, तर बाहेर फोन लागायचा पण आलेला वाजायचा नाही. कित्येकांनी यापायी चांगल्या डब्या बदलल्या असतील. आणखी एक गोष्ट, जी मला तेव्हाही पटली नव्हती: जीमेलचं नाव आणि पासवर्ड दोन्ही ओबीच्या संकेतस्थळावर भरून द्यावे लागत. फुकट फोनसाठी सगळ्या मेलची किल्ली दुसऱ्याच्या हातात.

३१ ऑक्टोबर २०१३ ला गूगलने जाहीर केलं की काही बाहेरची अॅप्स परवानगीशिवाय गूगल व्हॉइस वापरतात, त्यात वापरणाऱ्याच्या सुरक्षेला धोका आहे, आणि १५ मे २०१४ नंतर ती चालणार नाहीत. ओबीहायनेही आपल्या ग्राहकांना तीच तारीख कळवली. साडेसहा महिन्यांची मुदत होती, तरी धावपळ झालीच, कारण अनेकांनी घरचा जुना नंबर गूगलकडे नेऊन ठेवला होता. तो नेणंही सरळ नव्हतं: गूगल लँडलाइनचा नंबर थेट घेत नसे, म्हणून आधी प्रीपेड मोबाइलवर न्यायचा आणि तिथून २० डॉलर भरून गूगलकडे. वीस-वीस वर्षं नातेवाइकांच्या डायऱ्यांत लिहिलेला नंबर आता अडकला, या भीतीने लोक घाबरले.

भीती अस्थानी होती, आणि ती का अस्थानी होती यातच बिघाड शोधायची सगळी रीत आहे. इंटरनेट फोनमध्ये नंबर एकाकडे असतो, कॉल वाहून नेणारी भाषा दुसऱ्याच्या हातात, आणि डबी तिसऱ्याची. २०१४ मध्ये तुटणार होता तो मधला दुवा. नंबर जिथल्या तिथे सुरक्षित होता. तो मोबाइलवर वळवता येत होता किंवा दुसऱ्या कंपनीकडे नेता येत होता (गूगलने दिलेला नंबर असेल तर सोडवायला ३ डॉलर, आपण आणलेला असेल तर काहीच नाही). डबीही धडधाकट होती. तिला सिप येतच होतं. ओबी११० मध्ये दोन सेवांच्या जागा होत्या, ओबी२०० मध्ये चार. एका जागेतलं गूगल गेलं तर दुसऱ्या जागेत महिन्याला थोडे पैसे घेणारी सिप सेवा भरायची, एवढंच.

प्रत्यक्षात सप्टेंबर २०१४ मध्ये गूगल आणि ओबीहाय यांचं जमलं आणि पासवर्डाऐवजी ओऑथ पद्धतीने, म्हणजे गूगलच्याच पानावर ‘परवानगी द्या’ दाबून, डबी अधिकृतपणे जोडता येऊ लागली. ज्यांनी घाईने डबी कचऱ्यात टाकली होती त्यांना ती पुन्हा घ्यावी लागली. ज्यांनी ठेवली होती त्यांना ओबीच्या संकेतस्थळावरच्या आपल्या पानावर मात्र ‘बॅकिंग ऑफ: ऑथेंटिकेशन एरर’ ही ओळ दिसायची. या ओळीचा अर्थ राउटर बिघडला असा नाही. डबी गूगलच्या दारापर्यंत पोचते आहे, पण तिच्या हातातली किल्ली जुनी आहे. जुनं खातं त्या जागेतून काढून नव्याने परवानगी दिली की काम व्हायचं.

तिसरा धक्का जून २०१८ चा. गूगलने एक्सएमपीपीच बंद करून व्हॉइस सिपवर आणलं. एका परीने जिथून निघालं होतं तिथेच परत. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पॉलिकॉम या फोन बनवणाऱ्या कंपनीने ओबीहाय घेतली होती. ओबी२०० आणि २०२ ला नवं फर्मवेअर, म्हणजे डबीच्या आतलं सॉफ्टवेअर, मिळालं आणि त्या तगल्या. १०० आणि ११० ला मिळालं नाही, त्यांच्यासाठी गूगलची वाट कायमची बंद झाली. ओबी२०० वाल्यांनी फोनवर ***६ दाबायचं, नवं फर्मवेअर आहे का ते डबीच सांगायची. ***१ दाबलं की डबी स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे राउटरने तिला दिलेला आकडा, बोलून दाखवायची. तो आकडा ऐकू आला तर वायर आणि राउटर ठीक, इतकं त्या एका दाबण्यात कळतं. मला ही सोय फार आवडते, कारण संगणक न उघडता, म्हाताऱ्या माणसाला फोनवरून सांगून करता येते.

सिपवर गेल्यावर मात्र एक नवा घोळ सुरू झाला, आणि तो खरोखर घरातला होता. माझ्या मावशीकडे असंच झालं होतं. तिचा फोन लागायचा, समोरच्याचं तिला ऐकू यायचं, तिचं मात्र समोर काहीच पोचायचं नाही. ती बिचारी ओरडून ओरडून थकायची आणि शेवटी रिसीव्हर ठेवून द्यायची. सेवा बदलल्यामुळे झालं असणार, अशी तिची पक्की समजूत होती. कारण निघालं इंटरनेट कंपनीने नुकत्याच बदलून दिलेल्या राउटरमध्ये. सिपमध्ये कॉल लावण्याची बोलणी एका वाटेने जातात आणि प्रत्यक्ष आवाज दुसऱ्या वाटेने. घरातली सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे लपलेली असल्यामुळे आवाजाला वाट सापडायला राउटरची मदत लागते. बऱ्याच राउटरांत सिप एएलजी नावाची सोय त्या मदतीसाठीच असते, पण ती सिपच्या निरोपातले पत्ते मधल्यामध्ये बदलते आणि डबीने आधीच केलेली तजवीज मोडते. ती खूण काढून राउटर आणि डबी दोन्ही पुन्हा चालू केल्यावर पहिला फोन मावशीने मलाच लावला, आणि तेव्हाही सवयीने ओरडूनच बोलली.

एकतर्फी आवाज असेल तर आधी राउटर पाहावा. कॉलच लागत नसेल आणि डबीला पत्ता मिळालेला असेल तर आधी सेवेकडे.

भारतातल्या वाचकांनी असाच अनुभव वेगळ्या कारणाने घेतला आहे. १० नोव्हेंबर २०१४ पासून स्काइपवरून भारतातल्या भारतात मोबाइल किंवा लँडलाइनला फोन लावणं बंद झालं. परदेशात लागायचा, शेजारच्या गावात नाही. २००२ पासून आपल्याकडे इंटरनेट फोनला परवानगी होती, पण तो देशातल्या साध्या टेलिफोनला जोडायला नव्हती. ती कोंडी २०१८ मध्ये सुटली आणि बीएसएनएलने विंग्स ही सेवा वर्षाला १०९९ रुपयांत जाहीर केली. तोवर घरोघरी व्हॉट्सअॅपवर बोलणं रुळलं होतं.

जुनी ओबी११० कुणाच्या कपाटात पडली असेल तर तिला अजून काम आहे. गूगल तिच्यात येणार नाही, पण साधं सिप खातं येतं. त्या कंपनीने दिलेला सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड, हे तीन भरले की काम होतं. त्याच वेळी ९११ ची, म्हणजे अमेरिकेतल्या आणीबाणीच्या नंबरची, नोंद करून घरचा पत्ता भरावा. गूगल व्हॉइसवरून ओबीत ९११ लागत नसे, त्यासाठी वेगळी सेवा घ्यावी लागायची, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर सगळ्यांत आधी करायचं काम तेच.