बेळगावात जुन्या वस्तीतलं घर घेताना: कागद, पात्रता आणि नोंदणी

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर. बेळगावात शांत जागी घर हवं म्हटलं की हीच नावं पुढं येतात. गल्ली बघून मन भरतं, शेजारी ओळखीचे निघतात, आणि आठवड्याभरात इसार द्यायची भाषा सुरू होते. माझी कळकळीची विनंती आहे, तिथं थोडं थांबा. नव्या लेआउटमध्ये एन.ए. (बिगरशेती) झालं आहे का, बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी आहे का, हे प्रश्न असतात. जुन्या वस्तीत ते बहुतेक मिटलेले असतात. इथं प्रश्न वारसांचे आणि जुन्या बोजांचे असतात, आणि ते घराकडं बघून कळत नाहीत.

आधी पात्रता, कारण चंदगड, गडहिंग्लजकडची माणसं हे हमखास विचारतात. कर्नाटकात घर घ्यायला कर्नाटकचा रहिवासी असावं लागत नाही. 18 वर्षं पूर्ण झालेला कुणीही भारतीय नागरिक घर घेऊ शकतो, महाराष्ट्राच्या पत्त्याचं आधारकार्ड चालतं. परदेशात राहणाऱ्या भारतीयांनाही राहतं घर घेता येतं. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची गोष्ट मात्र वेगळी. तिथं अनेक ठिकाणी जमीन संरक्षण खात्याची असते, त्यामुळं कॅन्टोन्मेंट हद्दीतला व्यवहार असेल तर त्या कागदांचा जाणकार वकील आधी गाठा.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी इथं सातबारा मागू नये. शेतजमिनीला इथं आरटीसी असतो, म्हणजे पहाणी. बोलताना आपण नुसतं उतारा म्हणतो. शहरातल्या घराला सिटी सर्व्हेचा सीटीएस उतारा आणि महापालिकेचं खातं, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा, लागतो. रेडी रेकनरच्या जागी इथं गाइडन्स व्हॅल्यू आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ईसी, कन्नडमध्ये ऋणभार प्रमाणपत्र. नावातच अर्थ आहे: मिळकतीवर कोणते व्यवहार आणि बोजे नोंदले आहेत, त्याची यादी. काही नोंद असेल तर ती फॉर्म 15 वर मिळते, काहीच नसेल तर फॉर्म 16 वर.

ईसी नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर घरबसल्या काढता येते, पण ती 1 एप्रिल 2004 पासूनचीच. जुन्या घराला तेवढी पुरत नाही. आम्ही हिंदवाडीतलं घर ठरवलं तेव्हा ऑनलाइन ईसी अगदी स्वच्छ होती. वकील म्हणाले, तीस वर्षांची हाताने लिहिलेली पण काढा. सब-रजिस्ट्रार कचेरीत अर्ज दिला आणि ती हातात आली, तर त्यात 1998 चं एका पतसंस्थेचं गहाणखत. घरमालक बिचारे खरे होते. त्यांच्या वडिलांनी कर्ज फेडलं होतं, शेवटच्या हप्त्याची पावती लोखंडी ट्रंकेत जपून ठेवली होती. पण बोजा उतरवल्याचा दस्त कुणी नोंदवलाच नव्हता. तो नोंदवून घ्यायला दोन महिने गेले. इसार आधी दिला असता तर ते दोन महिने आमचे पैसे अडकून आमची झोप उडाली असती.

आता वारस. घर आजोबांच्या नावावर, विकायला आलेला नातू, आणि आत्या धारवाडला किंवा पुण्याला, हे आपल्याकडं घरोघरी आहे. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वडील 2005 आधी वारले असले तरी हा हक्क जात नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणी करून झालेलं वाटप मात्र कायम राहतं. म्हणून वंशावळ मागा, वाटणीपत्र नोंदलेलं आहे का बघा, आणि लग्न होऊन गेलेल्या प्रत्येक मुलीची सही खरेदीखतावर घ्या. “तिला काही नको आहे” हे भावाच्या तोंडचं वाक्य चालत नाही. ती सही करणार नसेल तर तिनं स्वतः नोंदणीकृत हक्कसोड दिलेली असली पाहिजे. वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचं, असेल तर त्याचा हिस्सा विकायला आधी कोर्टाची परवानगी लागते.

मुलगा अमेरिकेत आणि सही मुखत्यारपत्रावर, असं असेल तर त्या पत्रावर भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरला होता का ते तपासा. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर “विकलेलं” घर घेऊच नका. अशानं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगितलं आहे.

विकणाऱ्याच्या नावानं ई-खाता असल्याशिवाय आता शहरी मिळकतीची नोंदणी होत नाही. ते काढायला त्याला जुनं खरेदीखत, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, ईसी, आधार, वीजबिल आणि घराचा फोटो द्यावा लागतो. खातं ए (नियमात बसणाऱ्या मिळकतीचं) आहे की बी (न बसणाऱ्या), हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण बी खात्यावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. घर पंचायत हद्दीत असेल तर फॉर्म 9 आणि 11 अ मागा. 11 ब, म्हणजे नियमात न बसणाऱ्या मिळकतीचा उतारा, दिला तर सावध व्हा.

खर्चाचा हिशोब आधीच करून ठेवा. 60 लाखांच्या घराला 5 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 3 लाख. त्या शुल्कावर 10 टक्के सेस 30,000 आणि शहर हद्दीत 2 टक्के सरचार्ज 6,000. ऑगस्ट 2025 च्या अखेरीपासून नोंदणी फी 1 वरून 2 टक्के झाली, ती 1,20,000. एकूण 4,56,000. महाराष्ट्रात नोंदणी फीला 30,000 ची मर्यादा आहे आणि बाईच्या नावानं घेतलं तर सवलत मिळते. इथं दोन्ही नाही. गाइडन्स व्हॅल्यू ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर शुल्क तिच्यावर बसतं. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. विकणारा परदेशस्थ असेल तर दर बराच जास्त असतो, तेव्हा सीएला विचारा. इसार 20,000 किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीनं देऊ नका.

नोंदणीसाठी कावेरीवर माहिती भरून खरेदीखताचा मसुदा चढवायचा. सब-रजिस्ट्रारनं तपासला की शुल्क भरून वेळ घ्यायची. त्या दिवशी सगळे विकणारे, तुम्ही, दोन साक्षीदार, आधार, पॅन. फोटो आणि अंगठा तिथंच होतो.

पण त्याआधी एक काम करा. मसुदा बहुतेक कन्नडमध्ये असतो, आणि आपल्यातली पुष्कळ माणसं न वाचताच सही करतात. घराच्या दारात उभं राहा आणि कन्नड येणाऱ्या माणसाला चेक्कुबंदी, म्हणजे चतुःसीमा, मोठ्यानं वाचायला सांगा. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत. तो ‘पूर्व’ म्हणाला की पूर्वेकडं बघा: तिथं रस्ता लिहिलाय आणि समोर शेजाऱ्याची भिंत दिसतेय का? आमच्या मसुद्यात पूर्व-पश्चिम उलटी पडली होती. त्या वेळी दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. नोंदणीनंतर चूकदुरुस्तीचा दस्त करायचा तर सगळ्या विकणाऱ्यांना पुन्हा गोळा करावं लागतं.

ताबा घेताना मूळ कागदांची यादी करा आणि दोघांनी सह्या करा. मग महापालिकेत खातं, सिटी सर्व्हेत नाव आणि हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, मीटर आपल्या नावावर करून घ्या. मीटरचं काम लोक वर्षानुवर्षं ठेवून देतात, ते त्याच महिन्यात उरका.