मंडलसिद्धांत

प्राचीन भारतीय राज्यशास्त्रातील परराष्ट्रसंबंधांची मांडणी. कौटिलीय अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणात ती सूत्ररूपाने, तर सातव्यात षाड्गुण्याच्या, म्हणजे परराष्ट्रधोरणाच्या सहा उपायांच्या (संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव) अंगाने विस्ताराने येते. विजिगीषूच्या (विजयाची इच्छा धरणाऱ्या, केंद्रस्थानी मानलेल्या राजाच्या) सीमेला लागून असलेला राजा तो अरी (शत्रू), त्याच्या पलीकडचा मित्र. अशा रीतीने पुढे पाच, पाठीमागे चार (पार्ष्णिग्राह म्हणजे पाठीमागचा शत्रू, आक्रंद म्हणजे पाठीमागचा मित्र, व त्या दोघांचे आसार म्हणजे साहाय्यक), शिवाय मध्यम (अरी व विजिगीषू या दोघांच्या सीमेला लागून असलेला, त्यांच्याहून बलवान राजा) व उदासीन मिळून विजिगीषूसह बारा राजे होतात. प्रत्येकाच्या अमात्य, जनपद, दुर्ग, कोश (खजिना) व दंड (सैन्य) या पाच द्रव्यप्रकृती, म्हणजे राज्याची अंगे, धरल्या की संख्या ७२ वर जाते. मनुस्मृतीतही (अध्याय ७) हीच गणना आहे.

अर्थशास्त्राच्या काळाविषयी मतभेद आहेत. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये म्हैसूरहून ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर तो चंद्रगुप्त मौर्याच्या मंत्र्याचाच, म्हणजे इ. स. पू. चौथ्या शतकातला, असे बहुधा मानले गेले. मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे र. पं. कंगले यांनीही हे मत उचलून धरले. थॉमस ट्राउटमन यांनी (१९७१) शैलीच्या सांख्यिकीय तपासणीवरून एकाहून अधिक लेखक सुचवले. पॅट्रिक ऑलिव्हेल मूळ रचना इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास नेतात. या उशिराच्या काळाचा एक आधार असा: खजिन्यात ठेवायच्या रत्नांच्या प्रकरणात पोवळ्याला ‘आलकंदक’ म्हटले आहे; हा शब्द अलेक्झांड्रियाशी जोडला, तर भूमध्य समुद्रातून येणाऱ्या पोवळ्यांचा व्यापार गृहीत धरावा लागतो. ग्रंथाला थर आहेत, हे मत सध्या अधिक ग्राह्य वाटते.

आधुनिक आंतरराष्ट्रीय राजकारणाशी या सिद्धांताची सांगड बिनयकुमार सरकार यांनी १९१९ मध्येच घातली होती. नेहमीचे उदाहरण १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धाचे. पार्ष्णी म्हणजे टाच; स्वारीवर निघालेल्याची टाच धरणारा तो पार्ष्णिग्राह. पूर्व पाकिस्तानच्या मोहिमेत भारताला ती धास्ती चीनची होती. चीनच्या पलीकडे सोव्हिएट संघ होता आणि त्या दोघांत १९६९ मध्ये उसुरी नदीवर चकमकी झडल्या होत्या. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएट करारामागे आक्रंदाची ही भूमिका दिसते. अमेरिकेला मात्र या वर्तुळात सरळ जागा सापडत नाही.

संज्ञा उसन्या घेताना घोटाळे होतात. अलिप्ततावादाला ‘उदासीन’ म्हणणे त्यांतलेच. कौटिल्याचा उदासीन हा अरी, विजिगीषू आणि मध्यम या तिघांपलीकडचा, त्यांच्याहून बलवान राजा. १९५० च्या दशकातील भारत तसा नव्हता. द्वैधीभाव म्हणजे एकाशी संधी (तह) करून दुसऱ्याशी विग्रह (युद्ध). भारत २०१७ पासून, चीन व रशिया ज्यात आहेत त्या शांघाय सहकार्य संघटनेचा सदस्य आहे आणि ‘क्वाड’मध्येही (अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलियासह) आहे, एवढ्यावरून त्याला द्वैधीभाव म्हणता येत नाही. शेजारी तो शत्रूच, हा अर्थही एकांगी आहे: सातव्या अधिकरणाच्या शेवटी (७.१८) अरिभावी (शत्रुत्वाने वागणाऱ्या) सामंतांबरोबर (सामंत म्हणजे येथे शेजारी राजा) मित्रभावी (मित्रासारखे) आणि भृत्यभावी (सेवकासारखे) सामंतही सांगितले आहेत.

आग्नेय आशियाच्या इतिहासलेखनात ओ. डब्ल्यू. वॉल्टर्स यांनी रूढ केलेली ‘मंडल’ ही संज्ञा वेगळी आहे. ती केंद्रापासून दूर जाताना विरळ होणाऱ्या सत्तेविषयी असून तिचा अरि-मित्र गणनेशी संबंध नाही.