वारसा वास्तूंच्या पायऱ्या आणि सुगम्यतेचे नियम : अमेरिकेतील पार्श्वभूमी

जुन्या न्यायालयांना आणि विधानभवनांना उंच जोते आणि समोर रुंद पायऱ्या असत, त्या केवळ ओल टाळण्यासाठी नव्हे. आत जाणाऱ्याला सत्तेची उंची जाणवावी, हाही त्यामागचा हेतू होता. अमेरिकेत आज अशा इमारतीचे नूतनीकरण करताना वारसा जतनाचे आणि दिव्यांगांच्या सुगम्यतेचे असे दोन्ही नियम एकाच पायरीवर समोरासमोर येतात. हे दोन्ही नियम जवळजवळ एकाच काळात, पण अगदी वेगवेगळ्या कारणांनी जन्माला आले.

महामार्ग आणि शहरांची पुनर्रचना यांसाठी जुन्या वस्त्या पाडल्या जात असताना उमटलेल्या प्रतिक्रियेतून १९६६ चा राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा आला. त्यातून ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही अस्तित्वात आली आणि राज्य पातळीवरील जतन अधिकाऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. सुगम्यतेचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतरचा. अपंगत्व घेऊन परतलेले सैनिक विद्यापीठांत शिकू लागले, तेव्हा इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांनी व्हीलचेअर वापरणाऱ्यांना किती चढ आणि किती रुंद दार लागते याचा अभ्यास केला आणि त्या आधारावर १९६१ मध्ये देशातील पहिले मानक प्रसिद्ध झाले. एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा रॅम्प, हे प्रमाण त्यातलेच. ते माणसाच्या ताकदीवरून ठरले होते आणि इमारतीच्या वयाशी त्याचा काही संबंध नव्हता. मानक ऐच्छिक होते. १९६८ च्या कायद्याने ते तत्त्व संघराज्याच्या पैशातून बांधल्या जाणाऱ्या किंवा बदलल्या जाणाऱ्या इमारतींना लागू केले.

पुढे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ ने संघराज्याचा निधी घेणाऱ्या संस्थांना दिव्यांगांशी भेदभाव करण्यास मनाई केली, पण त्याचे नियम निघायला १९७७ उजाडले आणि त्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत आंदोलकांना जवळपास महिनाभर ठाण मांडावे लागले. जुन्या वास्तूंच्या दृष्टीने या नियमांतील एक मुद्दा महत्त्वाचा ठरला : प्रत्येक खोली नव्हे, तर सेवा एकूण सुगम असली पाहिजे. वरच्या मजल्यावरची सुनावणी तळमजल्यावर घेता येत असेल, तर जिना पाडण्याची गरज उरत नाही.

१२ मार्च १९९० रोजी आंदोलकांनी आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि ते वॉशिंग्टनमधील कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, पायऱ्या सरपटत चढले. त्याच वर्षी २६ जुलैला दिव्यांगांशी होणाऱ्या भेदभावाला मनाई करणारा अमेरिकन्स विथ डिसअॅबिलिटीज अॅक्ट हा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीने मंजूर झाला. या कायद्याखालच्या १९९१ च्या मानकांनी वारसा वास्तूंना सरसकट सूट दिली नाही, हे लक्षात घ्यायला हवे, कारण अशी सूट आहे असा समज बराच पसरलेला आढळतो. नूतनीकरणाला सामान्य नियमच लागू होतात. बदललेल्या भागापर्यंतची वाट सुगम करण्याचा खर्च मूळ कामाच्या २० टक्क्यांपलीकडे गेला, तर तो प्रमाणाबाहेरचा मानला जातो, आणि ही मर्यादासुद्धा केवळ वारसा वास्तूंसाठी नाही. एखाद्या बदलाने वास्तूचे ऐतिहासिक महत्त्व धोक्यात येत असेल किंवा नष्ट होत असेल, तर त्या घटकापुरते सौम्य किमान नियम वापरता येतात, मात्र त्याआधी राज्याच्या जतन अधिकाऱ्याशी सल्लामसलत अपेक्षित असते. तेवढेही जमत नसेल, तर जेथे पोहोचता येत नाही तो भाग दृक्‌श्राव्य माध्यमातून दाखवण्यासारखे पर्याय पुढे येतात.

कायदा झाल्यावरही जिने तसेच राहिले. टेनेसीत लिफ्ट नसलेल्या एका न्यायालयात आरोपी जॉर्ज लेन पहिल्या तारखेला दोन जिने सरपटत चढले; पुढच्या तारखेला त्यांनी सरपटायलाही नकार दिला आणि उचलून न्यायलाही, तेव्हा गैरहजेरीबद्दल त्यांना अटक झाली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की न्यायालयात प्रवेश मिळण्याच्या बाबतीत राज्यावर या कायद्याखाली नुकसानभरपाईचा दावा करता येतो.

खरा वाद मात्र दाराचा आहे. दर्शनी पायऱ्यांना हात लावायचा नाही म्हणून रॅम्प बाजूला किंवा मागे जातो. वास्तुरचनाकाराच्या नजरेने ते योग्यच, पण एरवी सामान आणि कचरा ज्या वाटेने जातो त्या वाटेने आत येणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा लागतो. २०१२ पर्यंत लागू असलेल्या १९९१ च्या मानकांना याची जाणीव असावी. सार्वजनिक प्रवेशद्वार सुगम करणे शक्यच नसेल, तर दुसरे दार चालेल, पण मुख्य दाराशी त्याची दिशा दाखवणारा फलक हवा, आणि इमारत उघडी असताना त्या दाराला कुलूप नसावे, असे त्यांत स्पष्ट लिहिलेले होते.